पंच्याखालचं ऊन

बनशंकरीच्या आमच्या घरापासून कनकपुरा रस्त्याला लागायला रिक्षाला फार वेळ लागत नाही. पण त्या शुक्रवारी दुपारी मला स्वतःच्या घराच्या फाटकातून बाहेर पडायलाच अर्धा तास लागला. पाठीवर माझी सॅक, हातात काठी, आणि फाटकात चिरंजीव आनंद, दोन्ही हात पसरून, मोर्चा अडवायला उभे राहावं तसे.

"आई, तिथे करंट नाहीये," तो म्हणाला. "दोन रात्री. एकसुद्धा प्लग पॉइंट नाही."

"म्हणून तर चाललेय."

"आणि कान?"

कानांचं आधी सांगून टाकते. मी इंदू. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. मराठी उंबऱ्याच्या आत, कन्नड उंबऱ्याच्या बाहेर, अशी आमची वाटणी. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि त्यानंतर दोन गोष्टी एकदमच घडल्या. डोंगर चढायचं वेड लागलं आणि ऐकू यायचं कमी झालं. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. रात्री ती काढून एका डबीत ठेवायची आणि मोबाइलसारखी चार्ज करायची. डबीला वायर, वायरीला प्लग आणि प्लगला मी. दाव्याला बांधलेल्या म्हशीचीही दोरी माझ्यापेक्षा लांब असते. यंत्रं रिकामी झाली की मला भांडं पडलेलं कळतं, माणसाचं बोलणं कळत नाही.

ह्या दोन रात्री म्हणजे माझी परीक्षा होती. आमच्या डोंगरवाल्या गटाची म्होरकी भाग्या ऑक्टोबरात हिमालयात आठ दिवसांची चाल नेणार आहे. मी नाव दिलं, तेव्हा ती स्पष्टच म्हणाली (आमचं बोलणं कन्नडातच होतं, इथे मराठीत देते), "इंदू अक्का, तुमच्या पायांबद्दल मला शंका नाही. पण कड्याच्या वाटेवर मी मागून हाक मारली तर ती ऐकू यायलाच हवी. तिथे आठ दिवस करंट नसतो. आधी दोन रात्री माझ्याबरोबर इथे जवळच चला. स्वतःचे कान स्वतः चार्ज करून दाखवा. कोणाकडून उसनं घ्यायचं नाही. जमलं तर नाव घालते."

मला ते पटलं. पटलं नाही ते आनंदला. त्याचं म्हणणं, आई, आपण सगळे रिसॉर्टला जाऊ, तिथे पूल आहे, जेवण आहे, प्रत्येक खोलीत चार-चार प्लग आहेत. हे तो इतक्या मायेनं म्हणतो की राग येऊनही धड येत नाही. शेवटी त्यानं अट घातली: रोज संध्याकाळी फोनवर बोलायचं. एक दिवस जरी बोलणं झालं नाही, तर तो गाडी घेऊन येणार आणि मला घेऊन जाणार, आणि मग हिमालयाचं नाव काढायचं नाही. अट घालून झाल्यावर त्यानं माझ्या हातात एक पॉवर बँक दिली. चांगली विटेएवढी, आणि विटेपेक्षा जड.

"हिच्यावर लॅपटॉपसुद्धा चालतो," तो म्हणाला. "तुझे कान म्हणजे काय, चिमूटभर."

वीट मी सॅकेत टाकली. पण माझा भरवसा होता दुसऱ्याच वस्तूवर. आदल्या आठवड्यात एस. पी. रोडवरच्या विजेच्या सामानाच्या गल्लीतून मी एक सोलर पॅनेल आणलं होतं. चार पानांचं, घडीचं, उलगडलं की पाटाएवढं. दुकानदारानं विचारलं होतं, "करंट गेल्यावर लागतं का, अम्मा?"

"नाही. करंट नसलेल्या ठिकाणी जायचंय."

"बरोबर कोण आहे?"

"हे पॅनेल."

त्यानं वायर बांधून दिली.

मिनीबस शहराबाहेर निघेपर्यंत उन्हं कलली होती. कनकपुरा रस्त्यावर पूर्वी नारळीच्या बागा होत्या. आता मजल्यांवर मजले चढलेत, आणि प्रत्येक इमारतीला कुठल्या तरी परदेशी गावाचं नाव आहे. ते सगळं मागे पडल्यावर काळे, गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखे दगडी डोंगर दिसायला लागले. होंगेच्या (करंजाच्या) झाडांना कोवळी पालवी फुटली होती. शिवरात्र नुकतीच झाली होती. आमच्याकडे म्हणतात, शिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत पळून जाते. ह्या वेळी ती म्हण खरी करत ऊन चांगलंच तापत होतं, आणि मी खूश होते. मला ऊनच हवं होतं.

मुक्काम एका केरेच्या (तळ्याच्या) काठी, मोहरलेल्या आमराईत होता. समोर पाण्यापलीकडे डोंगराची उघडी पाठ. तंबू ठोकताना माझी ओळख निखिलशी झाली. मूळचा नागपूरचा, मारतहळ्ळीला राहणारा, कंपनीत काम करणारा. मराठी ऐकून तो एकदम मोकळा झाला. त्याच्याकडे हँडल फिरवून मोबाइल चार्ज करायचं यंत्र होतं. त्यानं घाम निघेपर्यंत हँडल फिरवलं आणि मोबाइलकडे बघितलं.

"एक टक्का, काकू!"

"अरे, एवढ्यात ताक घुसळून लोणी निघालं असतं."

रात्रीला मुद्दे (नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा) आणि हुरळी सारू (कुळथाची आमटी) होतं. मुद्दे चावायचं नसतं, सारूत बुडवून गिळायचं असतं. निखिल ते प्रामाणिकपणे चावत बसला आणि भाग्या त्याच्याकडे दयेनं बघत राहिली. आनंदचा फोन आला, आम्ही बोललो, सगळं छान आहे असं मी सांगितलं आणि ते खरंही होतं. झोपताना कान डबीत ठेवले, डबी विटेला जोडली. हिरवा दिवा लागला. मी निश्चिंत झोपले.

सकाळी डबीचा दिवा विझलेला. कान जेवढे ठेवले होते तेवढेच, अर्ध्याच्याही खाली. विटेचं बटण दाबलं तर तिचे चारही दिवे लख्ख. म्हणजे तिच्या पोटात सगळं तसंच होतं, माझ्या कानांत थेंबही उतरला नव्हता. वायर काढून घातली, हिरवा दिवा लागला, आणि मी चहाचा पेला उचलेपर्यंत गेला. असं दोन-तीनदा झालं. मग मी विटेला सॅकेच्या तळाशी टाकलं. आनंदच्या वस्तूवर विसंबायला नको होतं, असं मनात म्हटलं आणि थोडं बरंही वाटलं, हे लपवत नाही.

माझं पॅनेल होतंच. तळ्याकाठच्या सपाट दगडावर मी ते उलगडलं. जवळजवळ रिकामा झालेला एक कान डबीत ठेवला आणि डबी दगडाच्या सावलीत सरकवली, कारण बॅटरीला ऊन सोसत नाही. दुसरा कान कानात घातला. एक भरेल, एक चालेल, दुपारी अदलाबदल. हिशेब चोख होता. पॅनेल हलू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले आणि सगळं नीट झाल्यावर मी गटाबरोबर डोंगराकडे निघाले.

एका कानानं चालण्यातली गंमत मला तिथे कळली. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. सगळंच त्या एका कानाच्या बाजूनं आल्यासारखं वाटतं. खडकाच्या कुशीतून वाट आडवी जात होती, डावीकडे उतार. भाग्या अचानक ओरडली, "थांबा, अक्का!" मी थांबले नाही. आवाज उजवीकडून आला असं वाटून उजवीकडे बघत पुढे पाय टाकला. ती डावीकडे होती, आणि माझ्या पायाखालची दगडाची चीप सुटलेली होती. तिनं माझी सॅक धरून मागे खेचलं. चीप घरंगळत खाली गेली. ती पडलेली मला ऐकू आली नाही, दिसली.

भाग्या रागावली नाही. ते जास्त लागलं.

"उद्या सकाळी हीच वाट पुन्हा," ती म्हणाली. "दोन्ही कान घालून. नाश्ता झाला की निघू. मी थांबणार नाही, अक्का. एका कानावर मी तुम्हाला वर नेणार नाही."

"दोन्ही असतील."

दुपारी परत आलो. मी घाईनं दगडाकडे गेले. भाग्याही मागून आली आणि तिनं कपाळावर हातच मारला.

"अय्यो, अक्का! संडिगे (सांडगे) वाळत घातलेत का?"

मी बघितलं. पॅनेलवर माझा पंचा होता. दुहेरी घडीचा, सुरकुती न पाडता पसरलेला, चारही टोकांना गोटे. शिवाय वर काळी छत्री मिटून आडवी, कावळे येऊ नयेत म्हणून. हे सगळं मीच केलं होतं. चाळीस उन्हाळे गच्चीवर संडिगे, हप्पळ (पापड), मिरच्या वाळत घालणारी बाई मी. उन्हात काहीही पसरलं की हात आपोआप पंचा शोधतात. धूळ नको, चोच नको. मेंदूला विचारायची गरजच पडत नाही. आणि हीच बाई शाळेत मुलींना प्रकाशाचा धडा शिकवत होती. सबंध सकाळ मी उन्हाला पंच्यानं झाकून ठेवलं होतं. पॅनेल मात्र अगदी स्वच्छ होतं.

भाग्या हसली, मीही हसले. पण डबीतला कान होता तसाच रिकामा होता. कानातला कान संपत आला होता. पंचा काढला, तर नेमके ढग आले, आणि ढग गेले तेव्हा आमराईची सावली दगडावर चढली. संध्याकाळी कानात बारीक सूर वाजला, यंत्र बंद पडताना वाजतो तो, आणि सगळी माणसं एकाएकी काचेपलीकडे गेली.

निखिल आला. त्यानं हातातलं हँडलचं यंत्र दाखवलं, गोल गोल फिरवून दाखवलं, मग मोबाइलवर लिहिलं: "काकू मी फिरवतो. कोणाला सांगणार नाही." भला मुलगा. मी मान हलवून नको म्हटलं. त्यानं पुन्हा लिहिलं: "भाग्या मॅडम तिकडे आहेत." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला परत पाठवलं. हिमालयात निखिल नसणार. आणि खरं सांगायचं तर मला कोणाच्या मनगटावर ऐकायचं नव्हतं. तीच तर माझी लढाई होती.

राहिला आनंदचा फोन. फोन थरथरला, त्याचं नाव दिसलं. घेऊन करणार काय? मी लिहिलं: "मी मजेत आहे. मुद्दे खाल्लं. आज बोलत नाही." हे वाचून तो काय समजेल ते मला माहीत होतं. तरी पाठवलं, आणि फोन सॅकेत टाकून दिला.

रविवारी उजाडायच्या आत मी दगडावर हजर. आता पंचा नव्हता, पण पंच्यामागची अक्कल होती. कुठल्या दगडावर पहिलं ऊन येतं, आंब्याची सावली कुठून कुठे सरकते, ताट किती कलतं ठेवलं की ऊन त्याच्यावर सरळ पडतं, हे मला कोणी सांगायला नको. पॅनेलवर दव होतं, ते पदरानं पुसलं. तळ्यापलीकडून सूर्य आला तसं पॅनेल त्याच्याकडे काठीच्या टेक्यानं उभं केलं. दोन्ही कान डबीत. हिरवा दिवा. सूर्य चढेल तशी मी पॅनेल खाली कलतं करत गेले, आंब्याची सावली जवळ आली की दगड बदलला. एक कावळा आला, त्याला हातानं हाकललं. झाकलं काही नाही. दिवा विझला नाही.

नाश्त्याची तयारी चालू होती, तेव्हा आमराईत पांढरी गाडी शिरली. आनंद. हेब्बाळच्या कंपनीत घालून जातो तेच चकचकीत बूट घालून तो ढेकळांतून माझ्याकडे आला आणि बोलायला लागला. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. तोंड हलत होतं, हात हलत होते, गाडीकडे बोट जात होतं. तो घाबरला होता, रात्रभर झोपला नव्हता, हे डोळ्यांवरून दिसत होतं. मी त्याचा हात धरणार होते. पण तेवढ्यात डबीचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"बाजूला हो," मी म्हटलं. "तुझी सावली पडतेय."

तो बोलतच होता.

"आनंद, माझे कान डबीत आहेत. ते भरल्याशिवाय मला काही ऐकायचं नाही. बस त्या दगडावर. कावळे हाक."

माझा हा आवाज शाळेत सबंध मजल्यावर ऐकू जायचा. तो बसला. काही वेळानं त्यानं माझ्या सॅकेतून वीट काढली, बटण दाबलं, आणि चारही दिवे लागलेले बघून त्याची मुद्रा बदलली. वीट उलटी करून त्यानं तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली, मग पुन्हा वाचली.

पोहे झाल्याची भाग्यानं हातानं खूण केली, तेव्हा कान पुरते भरले नव्हते, पण सकाळच्या चालीपुरते नक्की होते. मी घातले. आधी पानांची सळसळ आली, मग भांडी, मग माझा मुलगा.

"...चार्ज पूर्ण आहे, आई. तू वापरलीच नाहीस?"

"वापरली. दिवा लागतो आणि जातो."

त्यानं वीट माझ्यासमोर धरली. "तिला मोठ्या वस्तूंची सवय असते. अगदी कमी करंट कोणी ओढला, तर तिला वाटतं वायरीला काही लावलेलंच नाही. मग ती आपोआप बंद होते. माझ्या लक्षात आलं नाही गं."

मी त्या विटेकडे बघत राहिले. भरलेली, चारही दिवे लख्ख, आणि मी वायरीला असूनही तिच्या लेखी नसलेली.

"म्हणजे मी थोडं मागते, म्हणून मी नाहीच?"

"आई, ती बॅटरी आहे."

"आणि तू कोण आहेस? मला चालेल, मला नको, तुमचं होऊ दे, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. तुम्हाला वाटायला लागलं की हिला काही लागतच नाही. आता एक गोष्ट मागितली, एक डोंगर, तर तू फाटकात आडवा उभा राहिलास. मला राग आलाय, आनंद. आज तो धड आलाय."

आजूबाजूला पोहे खाणारी माणसं पोह्यांत मान घालून होती. निखिलनं तर बशी तोंडाला लावली होती. आनंदनं वीट खाली ठेवली. मग म्हणाला, "मी येऊ का चालायला?"

"ह्या बुटांत?"

"ह्याच बुटांत."

तीच वाट, तोच उतार. मी पुढे, भाग्या मागे, तिच्या मागे धापा टाकणारे चिरंजीव. भाग्या अवाक्षर बोलत नव्हती. कालची सुटलेली चीप जिथून गेली होती, तिथे उघडी लाल माती दिसत होती. ती जागा मी काठीनं चाचपून ओलांडली. वाट अरुंद झाली, आणि मागून, डावीकडून, अगदी घरात बोलावं तशा हळू आवाजात शब्द आले, "अक्का, डाव्या बुटाची नाडी सुटलीय."

मी थांबले, खडकाला टेकले आणि नाडी बांधली.

"सरी (ठीक)," भाग्या म्हणाली. बस, एवढंच. माझा निकाल लागला होता. पुढची चढण मी जरा जास्तच वेगानं चढले असेन, कारण मागून हाक आली, "आई, हळू!"

"ऐकू येतंय मला," मी न वळता म्हटलं. "हळू जाणार नाही."

माथ्यावर भाग्यानं सगळ्यांसमोर माझं नाव ऑक्टोबरच्या गटात घातल्याचं सांगितलं. आनंद बूट काढून पायाचा फोड बघत होता. त्यानं मान वर केली आणि टाळ्या वाजवल्या, थोड्या उशिरा, पण मोठ्यानं. त्या मी दोन्ही कानांनी ऐकल्या.

परतताना त्यानं गाडीचं दार उघडून धरलं. मी म्हटलं, ज्या बसनं आले त्याच बसनं जाणार. तो बरं म्हणाला. बनशंकरीपर्यंत त्याची पांढरी गाडी आमच्या मिनीबसच्या मागे मागे येत होती, आणि मागच्या बाकावर बसून मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

आता आमच्या गच्चीवर एकीकडे पंच्याखाली संडिगे वाळतात, दुसरीकडे पॅनेल उघडं पडलेलं असतं. माझी सून मेघना पुण्याची, सरळ विचारते, "आई, घरात प्लग आहे की, मग रोज वरती कशाला?" ऊन वाचायचं असतं, आणि वाचन रोज केलं नाही तर विसरतं, असं मी तिला सांगितलं. कमी करंट ओढणाऱ्यालाही ओळखणारी एक नवी, लहान बँक आनंदनं मागवली आहे. ती मी घेतली. वीट त्याला परत दिली.

परत आले त्या रात्री मात्र मी पाहुण्यासारखी गप्प बसले नाही. जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला. टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला. लोणच्याची बरणी माझ्या बाजूला सरकवून मागितली. ऑक्टोबरचे आठ दिवस मागितले नाहीत. ते सांगितले.